प्रतिसाद: मीकेंचे चित्रपट आणि व्हिडिओबाजार

जपानी दिग्दर्शक ताकाशी मीके एके काळी वर्षाला चार-पाच चित्रपट काढत म्हणजे ते निष्काळजी आहेत, हे इथल्या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. काही चित्रपट खरोखरच विस्कळीत आहेत. परंतु ज्येष्ठ जपानी दिग्दर्शक शोहेई इमामुरांकडे साहाय्यक म्हणून काम केलेला हा दिग्दर्शक १९९० च्या दशकात थेट व्हिडिओसाठी बनणाऱ्या स्वस्त चित्रपटांच्या बाजारात घडला, हे चर्चेत आलेले नाही. तोएई या जपानी चित्रपट कंपनीने १९८९ मध्ये सुरू केलेल्या या प्रकारात पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असत, मात्र ठरलेली हाणामारी दिली की बाकीच्या विक्षिप्तपणाला सहसा कोणी अडवत नसे.

मीकेंच्या ‘इची द किलर’च्या रक्तपातावर थांबलेल्यांनी त्याच सुमाराचा त्यांचाच ‘द हॅपिनेस ऑफ द काताकुरिस’ अवश्य पाहावा: एका कोरियन चित्रपटावर बेतलेला, प्रेते पुरता पुरता गाणी म्हणणाऱ्या कुटुंबाचा.