एकाच कायद्यानं भरडलो, मग एकमेकांवर भरवसा का नाही?

पंचगंगाकाठ:
मी कंजारभाट. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आमच्या घरात पोरासोरांना तोंडपाठ आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे मला तिशीत कळलं. त्यांचीही नावं रजिस्टरात चढायची. बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसलं की वॉरंटशिवाय अटक. आमच्या जमाती त्या कायद्यातून सुटल्या त्या ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनाला तृतीयपंथी मंडळींना व्यासपीठावर बोलवूया, असं मी सुचवलं. जाणती माणसं म्हणाली, "आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात, त्यात हे कशाला?" मला वाटतं, इथंच आपण हरतो.

कसबा बावडा:
भावा, पटलं नाही. सारखा मार खाल्ला म्हणून माणसं जवळ येत नाहीत. उलट दुसऱ्याचा डाग आपल्याला लागंल, ही भीती मार खाल्लेल्यालाच जास्त. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात आम्हा मुसलमानांच्या दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी किती वंचित समाजांची माणसं दारात आली? माझ्या गल्लीत एकच शेजारी आला, तो कुठल्याच संघटनेचा नव्हता. मी त्याला ओळखतो, "एकजुटी"ला नाही.

लेक कंजारभाटाची:
दादा, बाहेरच्यांचं नंतर बघू. लग्नाच्या रात्री कौमार्य चाचणीला नाही म्हणणाऱ्या आपल्याच पोरींना जातपंचायतीनं वाळीत टाकलं, तेव्हा तुम्ही कुठं होता? घरातल्या पोरीला ज्यांचा भरवसा वाटत नाही, त्यांचा परक्यानं का धरावा?

पंचगंगाकाठ:
ताई, गप्प होतो. ते चुकलंच. पण म्हणून थांबायचं का? अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज चहा प्यायला थांबले, त्याआधी सगळा समाज सुधारायची वाट बघितली नाही त्यांनी.

कसबा बावडा:
महाराज गादीवर होते. त्यांच्या एका कपानं गावाची हिंमत वाढली. तू आणि मी दोघंही भाड्याच्या घरात. तू माझ्यासाठी उभा राहिलास तर तुझा मालक तुला काढंल. ही किंमत मोजायची तयारी असंल तर बोल, नाहीतर नुसतं विमुक्त दिनाचं बॅनर.

रंकाळ्यावरची जोगती:
सगळं वाचलं. व्यासपीठ नको मला. २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं आम्हा तृतीयपंथींची ओळख मान्य केली, कागद झाले, पण खोली मिळत नाही. मागच्या दोन वर्षांत तीन घरं सोडली. त्यातली दोन मागासवर्गीय वस्तीतच होती, हे मुद्दाम सांगते. हाकलताना ते काय म्हणाले माहितीय? "आमच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत." मला त्यांचा राग नाही आला, त्यांच्या पोरींची लग्नं खरंच अडतात. पण मी कुठं जाऊ?

लेक कंजारभाटाची:
अक्का, माझं लग्न तर मोडूनच झालंय. माझ्यासाठी घाबरायचं कारण कुणाला उरलं नाही. मला इनबॉक्स करा.

पंचगंगाकाठ:
आमच्या गल्लीत वरची खोली रिकामी आहे. चुलत्याची आहे. आज रात्री जेवायला जातो, तेव्हा विचारतो. नाही म्हणाला तर तेही इथं लिहितो.