परदेशी डोनरच्या सीईओबाई सोडून चालल्या, आमच्या प्रोजेक्टचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

मी मानखुर्दला एका छोट्या ट्रस्टमध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये आमच्या ताया फिरतात, त्या डॉक्टर नाहीत की सायकॉलॉजिस्ट नाहीत, तिथल्याच बायका, ट्रेनिंग घेतलेल्या, घरी जाऊन बसतात, कोणाला झोप लागत नाही, कोणाचा जीव घाबरा होतो, कोणाला जगणंच नकोसं झालंय, ते ऐकून घेतात आणि गरज वाटली तर सायनच्या ओपीडीला सोबत घेऊन जातात. ही सोबतच खरी, कारण एकटं पाठवलं तर निम्मी माणसं केसपेपरच्या लाईनीतूनच परत फिरतात.

पैसा येतो लंडनच्या एका मेंटल हेल्थ चॅरिटीकडून, नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन वर्षांचा करार ३१ मार्चला संपतोय. पुढचं बोलणं तोंडी झालंय, तेही थेट त्यांच्या सीईओबाईंशी. त्या इकडे येऊन गेल्या, लिफ्ट बंद म्हणून पाच मजले चढल्या, सतरंजीवर बायकांच्या मधोमध बसून चहा प्यायल्या आणि निघताना म्हणाल्या की रिन्यूअलचं टेन्शन घेऊ नका. आणि आता मेल आलाय की त्या डिसेंबरअखेर पद सोडतायत, नवीन माणसाचा शोध चालू आहे, तोवर इंटरिम, म्हणजे तात्पुरते, सीईओ बघतील. मेल इतका गोड लिहिलाय की दोनदा वाचूनही हातात काही लागत नाही.

त्यात आमचे एक ट्रस्टी, जे बाईंच्या ओळखीतूनच बोर्डावर आले होते, ते म्हणतायत मीही मोकळा होतो. बाकीचे म्हणतात गप्प बस, नवीन साहेब आला की बघू. अजून एकांनी सुचवलंय की मध्ये गॅप पडलीच तर आपल्या ओळखीची मोठी संस्था त्यांच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यातून तात्पुरते पैसे वळवेल.

मला कळत नाहीये की आत्ता नक्की कोणाला काय विचारायचं. इंटरिम माणूस तीन वर्षांच्या करारावर सही करतो का? नवीन येणाऱ्याला वस्तीतलं काम नको, फक्त अ‍ॅप हवंय असं निघालं तर तो चालू ग्रँट मधेच तोडू शकतो का? आणि तायांना आत्ताच सांगू का? मानधनावर घर चालतं हो त्यांचं.

(प्लीज नुसतं 'सीएसआर ट्राय करा' लिहू नका, कंपन्यांच्या त्या निधीसाठी प्रयत्न करतेच आहे.)

जुनं_खातं: ताई, संस्थांची ऑडिटं करण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे तिकडे सीईओ हा पगारी माणूस, मालक नाही. जबाबदारी बोर्ड ऑफ ट्रस्टीजची असते आणि बोर्ड काही सीईओबरोबर जात नाही. इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनचं रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं, तिथे त्यांचे ट्रस्टी कोण, वर्षाचा हिशोब काय, सगळं मिळेल. त्यात दोन गोष्टी बघा. एक, रिझर्व्ह, म्हणजे राखून ठेवलेली शिल्लक, किती आहे आणि मागच्या वर्षांत तो खाली येतोय का. दुसरं, तुमचा पैसा 'रिस्ट्रिक्टेड फंड'मध्ये दाखवलाय का. म्हणजे कोणी देणगीदाराने खास ह्याच कामासाठी दिलेला असेल तर नवीन सीईओला तो मनात आलं म्हणून अ‍ॅपकडे वळवता येत नाही. जनरल फंडातला असेल तर मात्र करारातलं टर्मिनेशनचं, म्हणजे करार मधेच संपवण्याचं, कलम काढून वाचा, किती नोटीस लिहिलीय ते.

सीईओ बदलला म्हणून तुम्हाला इकडे कुठलाच फॉर्म भरायचा नाही. तुमचा ट्रस्टी गेला तर भरायचा आहे. वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (ट्रस्टी बदलल्याची नोंद), आणि ते एफसीआरएच्या कागदांवर पदाधिकारी असतील तर ऑनलाइन एफसी-६ई फॉर्म, त्याला ४५ दिवस.

आणि ते पैसे वळवायचं डोक्यातून काढा!! २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेचा परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद आहे, दोघींकडे रजिस्ट्रेशन असलं तरी. असला सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, रजिस्ट्रेशन तुमचं जातं.

धारावीची_वैशू: आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. माणूस बदलतो त्याने फारसं बिघडत नाही गं, बिघडतं ते मधल्या काळात, कारण इंटरिम मंडळी नवीन काही मंजूर करत नाहीत, सगळं 'नवीन सीईओ आल्यावर' वर ढकलतात आणि तो येऊन खुर्चीत नीट बसेपर्यंत आपला मार्च उलटून जातो. म्हणून बाई आहेत तोवरच हलायचं. त्यांना मेल टाक, की तेव्हा जे बोलणं झालं ते हँडओव्हर नोटमध्ये शिफारस म्हणून लिहा आणि मला कॉपी द्या. प्रोग्रॅम मॅनेजरला सीसीमध्ये ठेवच, तो माणूस तिथेच राहणार आहे.

शिवाय नो-कॉस्ट एक्स्टेन्शन माग. खात्यात न खर्चलेले पैसे उरत असतील तर त्याच पैशात काम आणखी काही महिने चालू ठेवायची लेखी परवानगी. नवा पैसा लागत नाही म्हणून इंटरिम माणूससुद्धा सही करतो. पण हे करार संपायच्या आधी मागावं लागतं, १ एप्रिलला मागून उपयोग नाही.

तायांना सांग. आजच सांग. त्यांना गल्लीत कोणाकडून तरी कळलं ना, तर उद्यापासून निम्म्या दुसरं काम शोधायला लागतील आणि मग ग्रँट येऊनही प्रोजेक्ट उभा राहणार नाही.

ओपीडी_बाहेरून: सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. सगळे पैशाचं बोलतायत म्हणून पेशंटचं बोलतो. जानेवारीनंतर नवीन केस घेताना हात आखडता ठेवा, आणि ज्या चालू आहेत त्यातल्या कोणाला गोळ्या चालू आहेत, कोणी पूर्वी जिवाचं काही करून घेतलंय, ही नावं वेगळी काढून त्यांची ओपीडीशी गाठ आत्तापासून पक्की करा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सगळ्यांना द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. पण तो नंबर कोणाला हाताला धरून केसपेपरच्या लाईनीत उभा करत नाही, तेव्हा घरातला नाहीतर शेजारचा एक माणूस तयार ठेवा. पेशंटची रजिस्टरं कोणाच्या घरी माळ्यावर टाकू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचं कलम आहे आणि वस्तीत कोण कुठे जातं हे फुटलं तर बाई परत दार उघडत नाही.

मानखुर्दची_ताई (धागाकर्ती): सगळ्यांचे खूप खूप आभार. चॅरिटी कमिशनचं रजिस्टर बघितलं. आमची ग्रँट रिस्ट्रिक्टेडमध्ये आहे, देशाच्या नावासकट! बाईंना मेल गेलाय. प्रोग्रॅम मॅनेजरचं उत्तर आलं, एक्स्टेन्शनसाठी खर्चाचा तक्ता मागितलाय, तो आज बसून करते. तायांशी उद्या बोलते. वैशू, तुझा एक्स्टेन्शनचा अर्ज असेल तर नावं काढून पाठवशील का? आणि जुनं_खातं काका, आमचे ट्रस्टी फोनवरच 'मी गेलो समज' म्हणालेत, ह्याला राजीनामा धरायचा का?

जुनं_खातं: अजिबात नाही. लेखी घ्या, सही आणि तारखेसकट. मीटिंग बोलवून मंजुरीचा ठराव मिनिट बुकात लिहा आणि राजीनामा कोणत्या तारखेपासून ते त्यात स्पष्ट घाला, ९० दिवस तिथूनच मोजतात. जमलं तर मार्चआधी उरका, त्यांची सही बँकेत चालते का तेही बघा, नाहीतर ऐन मानधनाच्या वेळी चेक अडकेल.