आज्ञापत्र सप्तांगाच्या रकान्यात कसं बसवायचं?

टीवायची_मुलगी
टीवायबीए, राज्यशास्त्र. 'कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ) यांची तुलना करा' हा प्रश्न हमखास येतो म्हणे. गाईडमध्ये दोन रकाने पाडलेत. डावीकडे सप्तांगं, म्हणजे राज्याची सात अंगं: स्वामी (राजा), अमात्य (मंत्री), जनपद (मुलूख नि रयत), दुर्ग (किल्ले), कोश (खजिना), दंड (फौज), मित्र, आणि उजवीकडे आज्ञापत्रातली प्रकरणं. 'मित्र'समोर नुसती रेघ. मला दोन शंका आहेत. अमात्यांनी अर्थशास्त्र वाचलं होतं का? आणि रयतेने झाडं लेकरासारखी वाढवली, ती तोडू नका, हे कुणाचं? व्हॉट्सॲपवर ते शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतंय.

निवृत्त_मास्तरीण
रकाने पाडणाऱ्याने मूळ आज्ञापत्र उघडलेलं दिसत नाही. छोटं पुस्तक आहे गं, एका रविवारी वाचून होतं. भाषेला घाबरू नकोस, चार पानांनंतर कान बसतो.

पहिली शंका आधी मिटवते. अर्थशास्त्राचं हस्तलिखित शामशास्त्रींच्या हाती म्हैसूरला १९०५ मध्ये आलं, छापलं गेलं १९०९ मध्ये. तेव्हा अमात्यांनी ते वाचलं होतं असं म्हणायला आधार नाही. पण सप्तांगं ही काही एकट्या कौटिल्याची मिरास नाही. ती मनुस्मृतीत आहेत, शांतिपर्वात आहेत, कामंदकाच्या नीतिसारात आहेत. दरबारात वाढलेल्या माणसाच्या कानावर ती असणारच. म्हणून 'कुणी कुणाचं उचललं' या वाटेला जाऊच नकोस.

फरक आहे तो लिहिणाऱ्याच्या परिस्थितीत. अर्थशास्त्रात राजाला नाव नाही, गाव नाही. आज्ञापत्रावर राज्याभिषेक शक ४२ आहे, म्हणजे इ.स. १७१५. आदल्याच वर्षी पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांच्या मुलाला नजरकैदेत टाकून त्यांच्या सवतीचा, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसवला होता. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. साताऱ्याला दुसरी, प्रतिस्पर्धी गादी: शाहू महाराज आणि त्यांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ. पत्र निघालंय या पोरसवदा छत्रपतीच्या नावाने आणि लिहिलंय कुणाला, तर रामचंद्र पंडित अमात्य हुकमतपन्हा (ही त्यांची पदवी) यांनाच! म्हाताऱ्याने मजकूर तयार करायचा, धन्याच्या नावाने काढायचा आणि स्वतःच आज्ञा म्हणून डोक्यावर घ्यायची. मला यात त्यांचा मिस्किलपणा दिसतो, पण हे पेपरात लिहू नकोस.

आता वतनदारांचं प्रकरण काढ. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना अमात्य 'राज्याचे दायादच' म्हणतात, वाटा मागणारे भाऊबंद. परचक्र आलं की वतनाच्या लोभाने हे आधी जाऊन भेटणार, इकडची बातमी तिकडे पोचवणार. आहे ते वतन चालू द्यावं, पण तिळभर वाढू देऊ नये. हे कोण सांगतंय? राजाराम महाराज १६८९ मध्ये दक्षिणेत तमिळ मुलखातल्या जिंजीकडे गेल्यावर ज्यांनी इथला कारभार विशाळगडावरून हाकला, आणि माणसं मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून ज्या काळात वतनं नि सरंजाम वाटले गेले, त्या काळाचे हुकमतपन्हा. शिवाय बावड्याची जहागीर त्यांच्याच घराण्याची. त्या प्रकरणातली चीड ऐकीव नाही, आणि नेमकी तीच गाईडच्या रकान्यात सापडत नाही.

तांडेल
झाडांचं मी सांगतो. मजकूर आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणातला आहे, म्हणजे अमात्यांचा. फॉरवर्डमध्ये मधलंच वाक्य उचलतात, म्हणून तो नुसता वृक्षप्रेमाचा उपदेश वाटतो. मूळात हिशेब लाकडाचा आहे. गलबतांना लाकूड हवं. सागवान वगैरे आपल्या रानातलं घ्यायचं, पण हुजूरची परवानगी काढून. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणायचं. आंबा-फणसही आरमाराला चालतात, तरी त्याला हात लावायचा नाही, कारण ते झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही. अगदीच जीर्ण झालेलं असेल तर झाडाच्या धन्याला राजी करून, पैसे मोजून तोडावं. परसातला फणस गेला तर आमच्याकडे आजही घरात सुतक पाळल्यासारखी शांतता असते, त्यामुळे हे कलम लिहिणारा कोकणात फिरलेला होता एवढं नक्की.

अजून एक. आदल्या वर्षी, १७१४ मध्ये आरमाराचे सरदार कान्होजी आंग्रे शाहूंच्या बाजूला गेले होते. 'ज्याचे आरमार त्याचा समुद्र' हे वाक्य ते लक्षात ठेवून वाचा.

टीवायची_मुलगी
बाई, एवढं कळत होतं तर वतनं वाटलीच का? नाही म्हणायचं ना.

निवृत्त_मास्तरीण
नाही म्हणून फौज कशावर ठेवायची? रायगड गेलेला, खजिना रिकामा, आणि औरंगजेब स्वतः दख्खनेत मनसबी देत बसलेला. १६९१ चा घोरपड्यांना दिलेला करार बघ. रायगड, विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद, एकेक घेतलं की इतके होन (सोन्याची नाणी), आणि दिल्ली घेतल्यावर उरलेले. हातात कवडी नसताना दिल्लीच्या नावावर उधारी! यातला काही भाग हिंमत होता, काही निव्वळ नाइलाज.

म्हणून उत्तर असं मांड. सप्तांगांची तुलना एका परिच्छेदात उरक, दुर्ग आणि कोश पुरे. मग वतनदार. शेवटी टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, कारण तिथे अमात्य सगळ्यांच्या पुढे आहेत. फिरंगी (पोर्तुगीज), इंगरेज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन) हे बाकी सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा उभा आहे, वखारीला समुद्रालगत नि किल्ल्यालगत जागा देऊ नका. प्लासीच्या ४२ वर्षं आधीचं आहे हे. आणि तुझ्या गाईडमधली 'मित्र'समोरची रेघ तशीच राहू दे. १७१५ च्या पन्हाळ्यावर मित्र म्हणावा असा होता कोण?

तांडेल
बाई, पेपर तपासायला तुम्हीच असता तर बरं झालं असतं.

टीवायची_मुलगी
कॉलेजच्या लायब्ररीत एकच प्रत आहे, ती एका सरांच्या नावावर. सोमवारी मागते.