रात्री दोन वाजता बाळाला कोणी उचलायचे?

सरळरेघ : अमेरिकेत फोस्टर केअरमधील, म्हणजे सरकारने ताब्यात घेऊन दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेल्या, मुलीला मूल झाले, तर दोघांना एकाच घरात ठेवण्यासाठी सरकार खर्च करते, असे वाचनात आले. मला ही दया वाटत नाही, हे बक्षीस वाटते. जिला सांभाळायलाच दुसरे कोणी लागते, तिच्या हाती तान्हे मूल देऊ नये. ते जन्मतःच दत्तक द्यावे. त्यात दोघांचेही भले आहे.

उंबरठा : मी या मंचावर सहसा वाचून निघून जाते, पण 'बक्षीस' या शब्दाने आज लिहायला भाग पाडले. आम्ही दोघे अमेरिकेत अकरा वर्षे फोस्टर पालक होतो. सातव्या महिन्यात, दोन पिशव्या घेऊन आमच्या दारात उभी राहिलेली सोळा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. त्याआधीच्या दोन घरांनी 'आम्ही बाळासाठी तयार नाही' म्हणून तिला परत पाठवले होते. आई फोस्टर केअरमध्ये आहे, एवढ्यावरून बाळ आपोआप सरकारच्या ताब्यात जात नाही. न्यायालयाने वेगळा निर्णय दिला नसेल, तर त्याची कायदेशीर पालक ती मुलगीच असते. दोघे एकाच घरात असले, की मुलीसाठी येणाऱ्या संघराज्याच्या निधीत बाळाचा खर्चही धरला जातो. २०१८ च्या 'फॅमिली फर्स्ट' कायद्यानुसार तर बाळ धोक्यात असल्याचे सिद्ध न करताही अशा मुलींना पालकत्वाचे प्रशिक्षण आणि मानसिक आरोग्याची मदत देता येते. आता यातले बक्षीस कोणते, ते आपणच दाखवावे.

सरळरेघ : कायदा आहे म्हणून तो शहाणपणाचाच आहे, असे होत नाही. इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील फोस्टर केअरच्या मुलींचा शिकागो विद्यापीठाने दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतील सुमारे निम्म्या जणींना वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत किमान एकदा दिवस गेले होते. इतर समवयस्क मुलींत हे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा होते. सोयी वाढवल्या की संख्या वाढणारच.

पानगळ : हा अभ्यास 'फॅमिली फर्स्ट'च्या कितीतरी आधीचा आहे, म्हणजे आपले कारण परिणामानंतर जन्माला आले, अभिनंदन! घरे सतत बदलली, शाळा बदलल्या, विश्वासाने काही विचारावे असे माणूस उरले नाही, तर गर्भनिरोधनाविषयी मुलीने विचारायचे तरी कोणाला? आणि एवढ्या चर्चेत बाळाच्या बापाचा कोणी उल्लेखही केलेला नाही. तोही कधीकधी फोस्टर केअरमधलाच मुलगा असतो; त्याला मात्र ना कोणी प्रशिक्षण देते, ना दोष.

उंबरठा : बापाचा मुद्दा रास्त आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. प्रत्यक्ष मदत म्हणजे काय, ते मी सांगते. आमच्याकडची मुलगी परीक्षेच्या दिवसांत इतकी थकायची, की रात्री दोन वाजता बाळ रडले तर मीच त्याला उचलत असे. तिला झोप मिळाली, म्हणून तिचे शिक्षण सुटले नाही.

पानगळ : आजवर मी हे येथे सांगितले नव्हते, पण सतराव्या वर्षी मी अशाच एका घरात बाळंतीण होते. माझ्या फोस्टर आईही रात्री बाळाला उचलत आणि सकाळी नोंदवहीत लिहीत, 'आई उठली नाही.' मी उठले नव्हते, कारण पाळणा त्यांच्या खोलीत होता आणि दार लावलेले असे. ती वही पुढे न्यायालयात वाचली गेली. इतर आयांच्या थकव्याची कोणी नोंद ठेवत नाही. आमची जांभईसुद्धा पुरावा ठरते. तुमचे उपकार मान्य, पण बाळ आयते उचलून घेणाऱ्या मदतीची मला भीती वाटते.

उंबरठा : आपण माझ्या घरात राहिलेल्या नाही. न पाहिलेल्या बाईवर असा आरोप करणे मला अन्यायाचे वाटते.

पानगळ : मी आरोप केलेला नाही, पाळणा कोठे होता एवढेच विचारते आहे.

सरळरेघ : म्हणजे मदत केली तरी दोषी आणि नाही केली तरी दोषी! तरीही एक कबूल करतो : नोंदवहीची ही तऱ्हा मला ठाऊक नव्हती. जन्मतःच दत्तक द्यावे, हे मी सरसकट लिहायला नको होते. 'बक्षीस' हा शब्द मात्र मी मागे घेणार नाही, निदान आज तरी नाही.

उंबरठा : पानगळ, नोंदी मीही ठेवत असे, तो नियमच होता. पहिला महिनाभर पाळणा आमच्याच खोलीत होता. नंतर तो तिच्या खोलीत नेला, पण मला सुचले म्हणून नव्हे, तर तिने तीनदा मागितला म्हणून. त्यानंतरही बाळ रडले की मी उठत असे. फक्त त्याला उचलण्याऐवजी तिच्या शेजारी जाऊन बसत असे. वहीत हे कसे लिहायचे, ते मला कधीच कळले नाही, म्हणून लिहिले नाही.