मदत हवी आहे : कृष्णधवल शॉर्टफिल्ममध्ये एकच रंग कसा दाखवावा?

मंडळी, अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या १९२७ सालच्या 'द कलर आउट ऑफ स्पेस' या कथेवर साधारण वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करायचं आमच्या डोक्यात आहे. पैसे जवळपास नाहीतच, सगळे नोकरी सांभाळून करणारे.

अडचण अशी की कथेतलं भूत म्हणजे एक रंग, तोही माणसाने कधी न पाहिलेला! हुआन वू या दिग्दर्शकाने २०१० च्या 'दी फार्बं' या जर्मन चित्रपटात यावर झकास तोड काढली. सगळा चित्रपट कृष्णधवल, फक्त तो परका रंग तेवढा जांभळट. मोठं बजेट असतं तर ही युक्ती सुचलीच नसती, असं माझं मत.

आम्हालाही त्याच वाटेने जायचंय, पण गाडी अडते ती विहिरीपाशी. रात्रीचा प्रसंग, आतून उजेड वर येतो आणि तो माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो. रंगीत एलईडी लावून शूट करायचं आणि नंतर बाकीचे रंग काढून टाकायचे, की रंग पूर्णपणे एडिटिंगमध्येच भरायचा? टेस्टमध्ये त्वचेवर डाग उमटतात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर कुणी असं काम केलंय का?

आणखी एक. लेखक १९३७ साली गेला, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट या नियमाने भारतात कथा मोकळी आहे. पण परदेशी महोत्सवांत पाठवताना वेगळी कागदपत्रं मागतात का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.