मदत हवी आहे: मागच्या खिडकीच्या जागी फ्रेंच दरवाजा, तोडकाम ते छप्पर किती खर्च धरावा?

परसदार:
रत्नागिरीजवळचं बैठं घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, ९ इंची, वर स्लॅब. मागच्या खोलीला पश्चिमेकडे ५ फूट बाय ४ फुटांची खिडकी आहे. तिची सिल (खालची कड) खोलीच्या फरशीपासून ३ फुटांवर आणि लिंटेल (वरची काँक्रीटची आडवी तुळई) ७ फुटांवर. बाहेर दीड फुटाचा छज्जा आहे. जोतं २ फूट उंच. खिडकी काढून परसात उतरायला दोन पाखांचा (झडपांचा) काचेचा दरवाजा बसवायचा आहे. जमलं तर रुंदी ८ फूट करायची इच्छा आहे. सागवान घ्यावं की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक)? एकूण बजेट किती ठेवावं?

ओळंबा:
पहिला निर्णय रुंदीचा घ्या, बाकीचं काम त्यावर ठरतं. ५ फूटच ठेवलीत तर लिंटेलला हात लावावा लागत नाही. खिडकीखालची भिंत काढायची, एवढंच तोडकाम.

८ फूट करायचं म्हटलं की नवीन लिंटेल आलं. दोन्ही बाजूंना भिंतीवर ९-९ इंच टेकेल असं धरलं तर लांबी साडेनऊ फूट. ९ बाय ९ इंचाचा छेद धरला तर सव्वापाच घनफुटांच्या आसपास काँक्रीट आणि १६-१७ किलो सळई लागेल. नेमका छेद आणि सळई मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायची, कारण स्लॅबचा भार थेट या भिंतीवर आहे. स्लॅबखाली आत आणि बाहेर जॅक लावून वरचा भार उचलून धरायचा, मगच भिंत कापायची. नव्या लिंटेलखालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. मिस्त्री आठव्या दिवशी 'झालं की घट्ट' म्हणून काढायला निघतो, तिथेच स्लॅबच्या कोपऱ्याला तिरकी भेग जाते. शिवाय खोलीच्या कोपऱ्यापासून दीड-दोन फूट तरी अखंड भिंत उरली पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की ५ फूटच ठेवा आणि वाचलेले पैसे पाणी अडवण्यावर घाला.

तोडताना आधी कटरने आतून आणि बाहेरून दोन्ही उभ्या रेषा इंच-दीड इंच खोल कापून घ्या. मग वरच्या थरापासून छिन्नी-हातोड्याने एकेक चिरा सोडवत खाली या. ब्रेकर लावू देऊ नका. जांभा ठिसूळ असतो, हादऱ्याने बाजूचे चिरे सांध्यातून सुटतात. सव्वाअकरा घनफूट भिंत निघेल, म्हणजे सहाशे-सातशे किलो माल. अखंड निघालेले चिरे बाजूला ठेवा, पायऱ्यांना लागतील. जोत्याच्या पातळीखाली काहीही तोडायचं नाही.

परसदार:
५ फूट ठरलं. पण चिऱ्यात फ्रेमचे बोल्ट धरतात का? आणि पश्चिमेचा पाऊस थेट दारावर येणार, त्याचं काय?

चौकट:
नुसत्या चिऱ्यात अँकर बोल्ट धरत नाही. पाखं वाऱ्याने ओढली गेली की भोक मोठं होत जातं. म्हणून प्रत्येक बाजूला चार ठिकाणी चिरा कोरून १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटचे ठोकळे भरा: तळापासून ८, ३०, ५३ आणि ७६ इंचांवर. बोल्ट त्यातच येऊ द्या. सागवानी चौकट असेल तर होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) याच ठोकळ्यांत गाडायचे आणि भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा हात द्यायचा.

पाखं बाहेर उघडणारी घ्या. वारा दाबतो तेव्हा ती चौकटीवर घट्ट बसतात. आत उघडणाऱ्या दाराला वारा उघडायला मदत करतो आणि पाणी घरात येतं. बाहेर वाऱ्याने आपटू नयेत म्हणून दोन्ही पाखांना भिंतीवर हूक हवेत. बिजागऱ्या बाहेर येतात, तेव्हा पिन काढता येणार नाही अशा मागवा. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, नुसतं 'एसएस' लिहिलेलं कोटेशन चालणार नाही.

आता उंबरठा. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात, म्हणून सविस्तर लिहितो. ग्रॅनाइटची एकसंध पट्टी घ्या, भिंतीच्या जाडीपेक्षा बाहेर इंचभर पुढे येणारी. तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पुढे आलेल्या भागाखाली कडेपासून अर्धा इंच आत एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी उलटं भिंतीकडे न ओघळता तिथेच ठिबकेल. पट्टीची दोन्ही टोकं भिंतीत दीड-दीड इंच घुसली पाहिजेत. ती दारात मोजून कापून बसवली की टोकाच्या फटीतून पाणी शिरतं आणि आतला गिलावा दारालगत फुगतो. पट्टीखाली वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या आणि ते बाजूच्या भिंतींवर ६ इंच वर चढवा.

यूपीव्हीसीच्या खालच्या चौकटीला बाहेरून बारीक आडवी भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथून निघून जातं. बसवणारा घाईत सिलिकॉनचा पट्टा ओढतो आणि ती बुजवतो. पैसे चुकते करण्यापूर्वी खोबणीत तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर येतं का पाहा.

परसदार:
दीड फुटाचा छज्जा पुरेल का?

चौकट:
खिडकीला पुरत होता, जमिनीपर्यंतच्या दाराला पुरणार नाही. ३ फूट पुढे येईल असं ७ फूट लांबीचं हलकं छप्पर घाला. छज्ज्याच्या काँक्रीटला वरून भोकं पाडू नका, त्याखालच्या लिंटेलमध्ये ब्रॅकेट बसवा.

गिलावा:
खर्चाचं मी मांडतो. दर अंदाजी धरलेत, तुमच्या गावचे भरून बघा.

गवंडी ११०० आणि बिगारी ७५० रोज. तोडकामाला एक गवंडी, दोन बिगारी, दोन दिवस: ५,२००. राडारोडा उचलायला २,०००. कडा सरळ करणं, ठोकळे, आतबाहेर गिलावा, सिमेंट-वाळूसह ७,५००. ग्रॅनाइट ३,०००. बाहेरचा ओटा आणि पायऱ्या १५,०००. यूपीव्हीसी दार ३५ चौरस फूट, १००० रुपये दराने ३५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. आतलं ग्रिल जाळीसकट १३,०००. छप्पर १०,०००. खिडकीखालचा प्लगपॉइंट हलवणं आणि बाहेरचा दिवा ३,०००. रंग ४,०००. बेरीज १,०४,०००. दहा टक्के वर ठेवा, सव्वा लाखाच्या आत बसेल.

दाराचं कोटेशन एकूण खर्चाच्या चाळीस टक्केच आहे हे बघा. लोक तेवढंच बजेट धरतात आणि ग्रिल-ओट्यापाशी अडकतात.

ग्रिलबद्दल एक युक्ती: काचेची पाखं बाहेर उघडणार आहेत, तर ग्रिलची दोन पाखं आत उघडणारी करा आणि त्यांच्याच फ्रेमवर डासांची स्टील जाळी मारा. वेगळ्या सरकत्या जाळीचा खर्च वाचतो आणि रात्री काच उघडी ठेवून झोपता येतं.

ओट्याची माती ६-६ इंचांच्या थरांनी पाणी मारून ठोकून घ्या. ओटा जोत्याला सिमेंटने जोडू नका, अर्ध्या इंचाची फट ठेवून सीलंट भरा. नवी भरणी खचतेच, जोडलेला ओटा जाताना जोत्याचा गिलावा ओढून नेतो. ओट्याची पातळी घरातल्या फरशीपेक्षा २ इंच खाली ठेवा. मग जमिनीपासून २२ इंच उरतात, त्यात साडेपाच इंचांचे चार टप्पे बसतात. पाख सव्वादोन फुटांचं आहे, म्हणून ओटा ३ फुटांपेक्षा कमी खोल करू नका. नाहीतर दार उघडताना माणसाला पायरीवर मागे सरकावं लागतं.

परसदार:
आणि सागवान?

चौकट:
चौकट आणि पाखं मिळून घटीसकट साडेचार घनफूट लाकूड लागेल. लाकूड, मजुरी, काच, पॉलिश धरून खर्च यूपीव्हीसीच्या जवळपासच जातो. सुकवलेलं लाकूड नसेल तर आषाढात पाखं फुगून अडकतात. सुकवलेलं असलं तरी मधल्या जोडाला ३ मिमी फट ठेवावी आणि एका पाखावर दुसरं चढेल अशी खाच काढावी. दरवर्षी तेलपॉलिश करायची तयारी असेल तर जरूर घ्या, नाहीतर पश्चिमेच्या भिंतीला यूपीव्हीसी. आत गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी आहे का ते तुकडा कापून दाखवायला सांगा. ती नसेल तर काचेच्या वजनाने पाख बिजागरीपासून लोंबतं आणि खाली घासतं.

काच ६ मिमी टफन्ड. ती नंतर कापता येत नाही, म्हणून उंबरठा आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच मापं द्या. दोन्ही कर्ण मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी भिंत दुरुस्त करून घ्या.

ओळंबा:
वेळेचं गणित मृगापासून उलटं मांडा. गिलाव्याला आठवडाभर पाणी, माप दिल्यावर दार यायला तीनेक आठवडे, बसवणं, मग रंग. शिमग्यात माणसं मिळत नाहीत, तेव्हा शिमगा उरकला की लगेच तोडकाम सुरू करा आणि काचेची पाखं मेच्या मध्यापर्यंत लागतील असं बघा. मधल्या काळात दारावर प्लायवूड लावून आतून आडवा दांडा ठेवा.