शब्दचर्चा : घराच्या दस्तातले 'संयुक्त', 'सामाईक' आणि 'अविभक्त'

प्रश्न : नवरा-बायको मिळून फ्लॅट घेत आहेत. खरेदीखताच्या मसुद्यात 'संयुक्त मालकी' आहे, करारनाम्यात 'जमिनीतील अविभक्त हिस्सा' म्हटलंय आणि जुन्या सातबाऱ्यावर 'सामाईक' दिसतं. तिन्ही एकच का?

उत्तर : नाही. 'संयुक्त' एवढंच सांगतो की नावं एकाहून जास्त आहेत. कोणाचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. दस्तात वाटा लिहिला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४५ बघितलं जातं : ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात वाटा, आणि पैशाचा पुरावा नसेल तर समसमान. वाद सुरू झाला की दहा-पंधरा वर्षांपूर्वीची बँकेचे खातेउतारे शोधत बसावं लागतं ते यामुळे. त्यापेक्षा मसुद्यातच एक वाक्य घालून घ्या ('लिहून घेणार' म्हणजे खरेदीदार) : 'लिहून घेणार क्र. १ यांचा ६० टक्के व लिहून घेणार क्र. २ यांचा ४० टक्के अविभक्त हिस्सा राहील.' आकडे तुमचे, पण वाक्य हवंच.

प्रश्न : पण संयुक्त नाव असलं की एक गेल्यावर दुसऱ्याचं होतंच ना?

उत्तर : होत नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. बँकेच्या संयुक्त खात्यातून बऱ्याचदा हयात खातेदाराला पैसे काढता येतात, त्यावरून लोक घराचंही तसंच धरून चालतात. दस्तात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर गेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे. हिंदू पुरुषाच्या बाबतीत बायको आणि मुलांबरोबर आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. पूर्ण घर जोडीदारालाच मिळावं असं वाटत असेल तर दोघांनीही मृत्युपत्र करावं. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणून हे काम भागत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, त्या नोंदीने ती मालक होत नाही.

आणखी एक उत्तर : 'अविभक्त' म्हणजे वेगळा न काढलेला, त्याबद्दल. वरच्या वाक्यात तो दोघांच्या वाट्याबद्दल आहे, करारनाम्यात मात्र जमिनीबद्दल. इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असेल तर घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेची टक्केवारी दिलेली असते. ती सदनिकेला चिकटलेली, वेगळी विकता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत अभिहस्तांतरणाने (कन्व्हेयन्स) संस्थेच्या नावावर होते, तुमच्या हाती भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि सदनिकेचा हक्क. म्हणून आधी विचारायचं : संस्था की अपार्टमेंट? संस्था असेल तर अभिहस्तांतरण झालंय का? नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि पुनर्विकासाच्या वेळी तिथेच गाडं अडतं.

'अविभक्त कुटुंब' हा निराळा विषय. दोघांनी मिळून घर घेतल्याने ते कुटुंबाचं एकत्र होत नाही.

'सामाईक' म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्यांचं क्षेत्र एकत्र, सरसनिरस वाटप, म्हणजे हद्दी आखून प्रत्येकाचा तुकडा वेगळा करणं, झालेलं नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाकडून घेतलंत तर हिस्सा मिळतो, रस्त्याकडेचा कोपरा नाही. राहत्या कौटुंबिक घरातला असा हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याच १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे त्याला कुटुंबाबरोबर राहायला जाता येत नाही. वाटपाचा दावाच करावा लागतो.

पुरवणी : या तिन्हींच्या आधी जमिनीचा प्रकार बघा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर हस्तांतराला सहसा आडकाठी नाही. 'वर्ग-२' असेल तर साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बऱ्याचदा नजराणाही (सरकारला भरायची रक्कम). शहरात हेच मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) 'धारणाधिकार' या मथळ्याखाली सापडतं. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर मूळ भाडेपट्टा मागून मुदतीची किती वर्षं उरली आणि हस्तांतराला पट्टेदाराने कोणाची संमती घ्यायची, ही दोन कलमं वाचूनच विसार (बयाणा) द्या.